उशीत राहिलेली सरकी

आधीच सांगते, मी देवभोळी बाई नाही. धुळ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, मशीनमध्ये घालायचं, आणि आकडा आला की तो खरा. दृष्ट, उतारा, अंगात येणं असलं कुणी सांगायला लागलं की मी "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलते. या सदरातले अनुभव वाचतानाही माझा अर्धा वेळ नाक मुरडण्यातच जातो... रागावू नका, खरं ते सांगते. म्हणून मी स्वतःच लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे पोट धरून हसले. म्हणाले, "घे, तुझाही नंबर लागला!"

माझ्या अनुभवात भूत नाही, सावली नाही, रात्रीचे बारा वाजलेले नाहीत. भर दुपारचं ऊन आहे आणि कापसातली एक सरकी आहे. एवढंच. वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

सहा वर्षांपूर्वी मला डाव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं जळगावला केलं. धुळ्यातही झालं असतं, पण आम्ही राहतो धुळ्यातच, देवपूरला, आणि आमच्या गल्लीत कुणाकडे गॅसचं सिलिंडर आलं तरी चार घरांना कळतं. मला कुणाची कीव नको होती. डावा स्तन काढला, केस गेले, केस परत आले, कामावर रुजू झाले. सगळे म्हणाले, "बघ, सुटलीस!" मी पण म्हणत होते. फक्त साडी नेसताना आरशाकडे पाठ करायची, एवढंच राहिलं होतं.

जळगावच्या त्या दवाखान्यात रुपाली नावाची समुपदेशक मुलगी होती. तिने जळगावातच, मेहरूणला, एका घराच्या वरच्या खोलीत बायकांची बैठक सुरू केली होती, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. माझ्या मागेच लागली. मी म्हटलं, "अगं, मला नाही बसायचं गोलात रडत." ती म्हणाली, "रडायचं नाही हो सुरेखाताई, शिवायचं आहे."

आणि खरंच तिथे शिवणच होतं. ज्यांचा स्तन काढलेला आहे अशा बायकांसाठी ब्लाउजच्या आत घालायची उशी. बाजारात सिलिकॉनची मिळते, पण ती आमच्या बायकांना परवडत नाही आणि जळगावच्या उन्हात त्वचेला सोसतही नाही. म्हणून जुन्या सुती लुगड्याचं मऊ कापड, आत कापूस, आणि वजनासाठी थोडी मोहरी. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात ना, त्यावरून सुचलेलं. वजन नसलं तर खांदा एका बाजूला कलतो, पाठ दुखते. आकार साधा गोल नाही, काखेकडे निमुळती शेपटी असते. त्यामुळे डावी वेगळी, उजवी वेगळी. बाईसमोर बसून माप घेतलं की तिची डावी आपल्या उजव्या हाताला येते, आणि शिकाऊ बायका हमखास उलटी कापतात. म्हणून शेपटीला गाठ मारायची... डावीला लाल दोरा, उजवीला हिरवा.

रुपालीचे नियम दोनच. एक, कुणी कुणाला "काही होत नाही, धीर धर" म्हणायचं नाही. दोन, इथे खोटं बोलायचं नाही. बोलावंसं वाटलं नाही तर गप्प बसून टाके घालावेत, कुणी विचारणार नाही.

हे उशीचं मूळ डोकं अक्कांचं. कमलअक्का, धरणगावकडच्या, सत्तरीच्या आसपास. शेतात कपाशी. मुलगा जळगावला नोकरीला म्हणून मेहरूणला राहायला आलेल्या. त्यांचा उजवा स्तन बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेला. शाळा दोन इयत्ता, पण हात असा की टाका शोधावा लागे. कापूस त्या स्वतःच्या शेतातला आणत, सरकीसकट, न पिंजलेला. नव्या बाईला पहिल्या दिवशी तेच काम... बोंडातली सरकी एकेक करून काढायची. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं, हे अक्कांना कुठल्याही कोर्सशिवाय माहीत होतं.

मी तीन शनिवार एक शब्द बोलले नाही. नुसती सरकी काढत बसले. चौथ्या शनिवारी कापसाकडे बघत एकदम म्हणून गेले, "मला ह्यांच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटते." कुणी "अरेरे" केलं नाही. अक्कांनी माझ्या हातातला कापूस घेतला, बोटांनी चाचपला आणि त्यातून एक सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"एक बी सरकी ऱ्हायनी ना, ती बाईले टोचस," त्या म्हणाल्या. "तिले वाटस, आखो गाठ उनी."

म्हणजे एक जरी बी राहिली तरी ती टोचते, आणि त्या बाईला वाटतं पुन्हा गाठ आली. अक्का त्याबाबतीत फार कडक होत्या. शिवून झालेली प्रत्येक उशी त्या डोळे मिटून दाबून बघत. कुणाच्या उशीत बारीकसा कण जरी लागला तरी टाके उसवून परत. मला तर त्या कायम टोमणे मारत. "धुळेवाली, टाका बारीक घाल ना वं. आठे रक्त नही काढनं शे!" म्हणजे इथे रक्त काढायचं नाहीये. मीही काही कमी नाही. म्हणायचे, "अक्का, तुम्ही माझी एवढी परीक्षा घेता, मला शिवणाचं सर्टिफिकेट द्या." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. माझी पहिली उशी त्यांनीच शिवली. ती घालून मी पहिल्यांदा आरशाकडे तोंड करून साडी नेसले... त्या दिवशी मी रडले, हेही सांगून टाकते.

पुढे मी तिथली जुनी झाले. नव्या बाया आल्या की रुपाली त्यांना माझ्याजवळ बसवायची. लॅबवाली म्हणून माझ्या शब्दाला वजन. मी सगळ्यांना दटावून सांगायचे, वर्षातून एकदा राहिलेल्या बाजूची मॅमोग्राफी करायचीच, टाळाटाळ चालणार नाही.

आता कबूल करायची गोष्ट. मी स्वतः दोन वर्षं केली नव्हती.

का, ते सांगता येणार नाही. वेळ नव्हता असं नाही. जळगावला दर महिन्याला जातच होते, दवाखाना दहा मिनिटांवर. पण त्या मशीनचं नाव काढलं की मी दुसरंच काहीतरी काम काढायचे. दुसऱ्यांचे रिपोर्ट मी बिनधास्त वाचते, माझा मात्र मला नको होता. जोवर रिपोर्ट नाही तोवर मी बरी आहे, असा काहीतरी वेडगळ हिशोब. अंघोळीच्या वेळी हाताने तपासायचं असतं, तेही बंद केलं होतं. रुपालीने विचारलं तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "झाली. नॉर्मल आहे." दोन्ही वर्षी. ह्यांनाही तेच. खोटं बोलायचं नाही हा नियम त्या खोलीत बहुतेक मी एकटीनेच मोडला असेल. ही गोष्ट जगात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, हे लक्षात ठेवा.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात अक्कांचा आजार परत आला, या वेळी हाडांत. दिवाळीनंतर बैठकीला येणं थांबलं. मार्गशीर्षातल्या शनिवारी बैठक आटोपून मी आणि रुपाली त्यांना भेटायला गेलो. खोलीभर भरताचा वास होता. सून मनीषाने वांगी भाजली होती, अक्कांना दोन घास जावेत म्हणून. अक्का अगदी बारीक झालेल्या, पण डोळे तेच. मनीषा म्हणाली, "महिनाभर रोज थोडं थोडं शिवत होत्या. डॉक्टर म्हणतात आराम करा, पण ऐकतील तर शपथ!"

अक्कांनी उशाखालून लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुन्हासाठे करेल शे. घर जाईसन देख."

मला वाटलं, माझी जुनी उशी चार वर्षांत चपटी झाली होती, ते त्यांच्या लक्षात आलं असणार. मी काहीतरी थट्टा केली, आता आठवत नाही. धुळ्याची बस धरली.

देवपूरला पोहोचून गाठोडं सोडलं. उशी सुरेख, नेहमीसारखी, टाका दिसत नाही असा. पण शेपटीला हिरवा दोरा. घालून पाहिली, तर निमुळती बाजू मध्ये येत होती. म्हणजे दोराच चुकला असं नाही, उशीच उजवीची होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मनीषाने अक्कांच्या कानाला लावला. मी म्हटलं, "अक्का, काय हो हे! माझी डावी काढलीय, तुम्ही उजवी शिवली."

अक्का सावकाश म्हणाल्या, "मी चुकनू नही. तीच शे तुन्ही."

चुकले नाही, तुझी तीच आहे, असं म्हणत होत्या. मी "बरं बरं" म्हटलं. मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, माणूस कशाचंही काहीही बोलतं. शिवाय समोर बसून शिवताना डावं-उजवं उलटतं, ते वर सांगितलंच. वाईट वाटलं ते एवढंच की, ज्या बाईने आयुष्यात एक उशी उलटी कापली नाही तिची शेवटची चुकली. चार दिवसांनी अक्का गेल्या.

उशी कपाटात पडून राहिली. संक्रांत झाली, आणि एका रविवारी मी ठरवलं की ही उसवावी, कापूस आणि मोहरी काढावी, कापड उलटं करून डावी शिवावी. अक्कांच्या हातची वस्तू वाया का घालवायची? दुपारी जेवणं झाल्यावर गच्चीवर चटई टाकली. हे शेजारी पेपर वाचत बसले होते. उसवायच्या आधी सवयीने मी उशी डोळे मिटून दाबून पाहिली, अक्का बघायच्या तशी.

बोटाला काहीतरी लागलं. कडक.

परत दाबलं. वरच्या अंगाला, शेपटीच्या किंचित खाली, काखेकडे. उसवलं, कापूस बाजूला केला, तर एकच सरकी. मोहरीची पुरचुंडी खाली, तिच्या जागी व्यवस्थित. बाकी कापूस लोण्यासारखा स्वच्छ. आणि मधोमध ही एक सरकी.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. मी मात्र उशी तशीच चटईवर ठेवून दिली. अक्कांच्या हातून सरकी राहणं म्हणजे... कसं सांगू, आमच्या लॅबमधून दुसऱ्याचाच रिपोर्ट जाण्यासारखं. आणि त्याच उशीत बाजूही चुकलेली. दोन चुका, दोन्ही माझ्याच उशीत.

मी खाली आले, बाथरूमची कडी लावली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा उजवी बाजू हाताने तपासली. नेमकी तीच जागा. काहीच लागलं नाही. तीनदा पाहिलं, हात वर करून पाहिलं. अगदी मऊ, काही नाही. हायसं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. तिथेच पाटावर बसले आणि हमसून हमसून रडले. भीती वाटत होती, आणि अक्कांचा रागही आला होता.

बाहेर येऊन पहिला फोन रुपालीला केला. "मी तुझ्याशी खोटं बोलले," म्हटलं. "दोन वर्षं तपासणी केलेली नाही."

मला वाटलं आता ती लेक्चर देणार. पण ती म्हणाली, "ताई, तुम्ही सगळ्यांना सांभाळता म्हणून मी तुम्हाला कधी नीट विचारलंच नाही. माझंही चुकलं. उद्या येता का? मी सोबत येते."

ह्यांनाही सांगितलं. हे पेपरची घडी घालत म्हणाले, "सकाळची पहिली बस धरू." बस, एवढंच बोलले. रात्री मात्र माझा हात धरून झोपले.

दवाखान्यात डॉक्टरांनी हाताने तपासलं. म्हणाले, "मला तर काही लागत नाही. पण उशीर झालाच आहे, मॅमोग्राफी करून टाकू." मी बोट ठेवून जागा दाखवली, म्हटलं, "इथे बघा." त्यांनी विचारलं, "दुखतं का इथे?" मी काय सांगणार? सरकी म्हणाले असते तर डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. म्हटलं, "नाही, असंच."

मशीनच्या बाहेर रुपाली माझी पर्स धरून उभी होती. मॅमोग्राफी झाली, मग सोनोग्राफी. सोनोग्राफीवाल्या बाई स्क्रीनकडे बघता बघता एकदम हळू झाल्या. ते हळू होणं मी ओळखते. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, उजवा स्तन, दहा वाजताच्या जागी, नऊ मिलिमीटर, खोलवर. घड्याळाच्या काट्यांवरून जागा सांगतात तसं. उजवीकडे दहा वाजता म्हणजे वर, काखेकडे.

घरी आल्यावर मी ती सरकीही पट्टीवर ठेवून मोजली. किती भरली ते लिहीत नाही. सगळ्या सरक्या साधारण तेवढ्याच असतात, त्यात काही अर्थ नाही.

सुईने तुकडा काढला. माझी स्लाइड मी मुद्दाम आमच्या लॅबला येऊ दिली नाही. रिपोर्ट आला, कॅन्सरच. पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, "अजून वर्षभर आला नसतात तर ही गोष्ट वेगळी असती." फक्त गाठ काढली, स्तन वाचला, केमो लागली नाही. रेडिएशनला नाशिकला जाऊन राहिले. रुपालीचा दर शुक्रवारी फोन यायचा. ती काही सांगायची नाही, मीच तासभर बोलायचे. खरं खरं.

या सगळ्याची स्पष्टीकरणं मी स्वतःच शोधली, दुसऱ्या कुणाला तसदी दिली नाही. रुपाली म्हणते, "शिवताना तुमचा हात नकळत त्या जागी जात असेल, अक्कांनी हेरलं असेल." असेल. पण जी गाठ माझ्या बोटांना लागली नाही, डॉक्टरांच्या बोटांना लागली नाही, तिथे माझा हात कशाला जाईल? बाजू चुकणं आजारपणामुळे, सरकी राहणं थकलेल्या बोटांमुळे, जागा जुळणं योगायोग... तिन्ही वेगवेगळी सहज पटतात. तीन योगायोग एकाच उशीत म्हटलं तरी मी मान्य करत होते. आकड्यांच्या जगात असं होऊ शकतं. मी जवळजवळ समाधानी झाले होते.

मग आखाजी आली, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. अक्का गेल्यानंतरची पहिली. मी आंबे घेऊन मेहरूणला त्यांच्या घरी गेले. देवघराजवळ अक्कांच्या नावाची घागर भरून ठेवली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. मनीषाने पुरणपोळी वाढली. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "बिचाऱ्या अक्का. त्यांच्या हातून सरकी राहिली, ती माझ्या पथ्यावर पडली."

मनीषा वाढता वाढता थांबली.

"राहिली नाही ताई," ती म्हणाली. "कापूस सगळा साफ करून झाला होता. मग त्यांनी माझ्याकडे सरकी मागितली. मी शेजारच्या गोठ्यातल्या, गुरांच्या सरकीच्या पोत्यातून मूठभर आणून दिली, तर त्यातली एक निवडली. उशीत घातली, दाबून बघितली, काढली. परत घातली. असं चार-पाच वेळा. मी समोर बसले होते ना. आपल्याशीच बोलत होत्या... 'आठे नही. आखो वर. जराशी काखकडे.' मग जमल्यावर शिवून टाकली."

मी ताट बाजूला सरकवलं.

"मी म्हटलं, आई, असं का करताय? टोचेल ना ताईंना. तर म्हणे, टोचूच दे. मी म्हटलं, काही असेल तर फोन करून सरळ सांगा ना त्यांना."

"मग?"

मनीषाचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "म्हणे, 'सांगीसन ऐकनारी नही शे ती. तिना हात लागू दे.'"

तिला म्हणे सांगून ऐकायची सवय नाही. तिचा हात लागू दे.

तर हे असं आहे. अक्कांना कसं कळलं, मला माहीत नाही. दवाखान्यात नाही, लॅबमध्ये नाही, माझ्या बावीस वर्षांत नाही, कुठेच याचं उत्तर नाही. आता कुणी असलं काही सांगायला लागलं की मी चहा विचारते, पण उठून जात नाही.

उशी मी परत शिवली, उजवीच ठेवली, आणि सरकी होती तिथेच घातली. माझे टाके अक्कांसारखे बारीक आले नाहीत. पुढची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. भीती आहेच. पण या वेळी घरात, बैठकीत, सगळ्यांना खरी तारीख सांगितलेली आहे.